बदललेला गुडघा पुन्हा दुखू लागला तर

वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो होतो. रांगेतल्या एक मावशी पुढे आल्या, लुगडे गुडघ्याच्या वर घेतले आणि म्हणाल्या, "सिस्टर, हाड काढून लोखंड बसवलं. आता लोखंड कसं काय दुखतंय?" रांगेतल्या बाया हसल्या. मावशी हसल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले. पहिली दोन वर्षे बरी गेली, धुण्याभांड्याची चार घरे त्यांनी सांभाळली. गेल्या पावसाळ्यापासून मात्र रात्री ठणका सुरू झाला. मुलगा मेडिकलमधून गोळ्या आणून देतो, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. आम्ही दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून पाहिले. ऑपरेशनचा गुडघा दुसऱ्यापेक्षा गरम होता.

आधी आमचीच एक चूक सांगतो. वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा असे रुग्ण ड्रेसिंगला किंवा तपासणीला यायचे, आणि आम्ही सांगायचो, "मोठं ऑपरेशन आहे मावशी, थोडं दुखणारच. वयही झालंय." काही जणींच्या बाबतीत ते खरे होते. काही जणींच्या बाबतीत आमच्या त्या एका वाक्याने सहा-सहा महिने वाया गेले. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे. गुडघा बदलणाऱ्यांची संख्या आता आपल्या वस्त्यांतही वाढते आहे. योजनेतून, ट्रस्टच्या दवाखान्यातून, कर्ज काढून लोक ऑपरेशन करून घेतात. पण बसवलेला सांधा बिघडला तर काय करायचे, हे घरी जाताना फारसे कोणी सांगत नाही.

आत नेमके काय बसवलेले असते

आपण बोलताना म्हणतो की गुडघ्याची वाटी बदलली. प्रत्यक्षात वाटी बहुधा तिथेच असते, काही जणांत फक्त तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती लावतात. बदलतात ती हाडांची टोके. दाताला कॅप बसवताना दात थोडा घासून वर टोपी घालतात, तसेच मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक पातळ कापून त्यावर धातूचे भाग बसवतात. मांडीकडचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा, नडगीकडची थाळी त्याच धातूची किंवा टायटॅनियमची. दोन धातू एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे टणक प्लास्टिकचा तुकडा असतो, त्याला लायनर म्हणतात. धातू हाडाला धरून राहावा म्हणून बहुतेक वेळा हाडाचे सिमेंट वापरतात.

तेव्हा मावशींचा प्रश्न बरोबरच होता. लोखंड दुखत नाही. दुखते ते लोखंडाच्या खालचे जिवंत हाड, भोवतालची त्वचा, स्नायू आणि सांध्याचे आवरण. तिथे काहीतरी बिघडल्याशिवाय नव्याने दुखणे सुरू होत नाही.

असा सांधा टिकतो किती? २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी पाहणी आली. तिच्यात शंभरातले सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. ही आकडेवारी ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून काढलेली आहे. तिथल्या बाया सार्वजनिक संडासात उकिडव्या बसत नाहीत आणि पाण्याचा हंडा घेऊन लोखंडी जिना चढत नाहीत, हे आम्ही आपले मनात धरतो. तरीही एकूण हे ऑपरेशन चांगले आहे आणि बहुतेकांचा गुडघा पुन्हा उघडावा लागत नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

वयाचा मात्र फरक पडतो. ब्रिटनमधल्या रुग्णांचा अभ्यास २०१७ साली त्याच नियतकालिकात आला होता. सत्तरीनंतर गुडघा बदलला तर उरलेल्या आयुष्यात दुसऱ्या ऑपरेशनची वेळ शंभरात सुमारे पाच जणांवर येते. पन्नाशीच्या सुरुवातीलाच बदललेल्या पुरुषांत हा आकडा ३५ पर्यंत जातो. बायकांत तो त्याहून कमी आहे, पण म्हाताऱ्यांपेक्षा जास्तच. कारण साधे आहे. पुढे जगायची वर्षे जास्त, आणि त्या वर्षांत काम जास्त. आपल्याकडे सफाई कामगार, बांधकामावरच्या बाया, हमाल यांचे गुडघे पन्नाशीतच झिजून जातात. त्यांनी ऑपरेशन करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण डॉक्टरांना, "मला आयुष्यात हे पुन्हा करावं लागेल का?" असे आधीच विचारावे.

बिघडतो कशाने

कारणे बरीच आहेत. सिमेंटची पकड सुटून धातू हाडावर हलू लागतो, याला सांधा ढिला होणे म्हणतात. प्लास्टिक वर्षानुवर्षे झिजते, त्याचे बारीक कण आसपास साचतात आणि शरीर त्या कणांशी भांडता भांडता शेजारचे हाडच खाऊन टाकते. बाजूचे बंध सैल राहिले तर गुडघा डगमगतो. काहींचा सांधा आखडतो, वाकतच नाही. पडल्याने धातूच्या अगदी लगतचे हाड मोडते. या प्रत्येकाचे दुखणे वेगळे असते. बसून उठल्यावर पहिल्या चार पावलांना कळ येते आणि मग जरा बरे वाटते, हे बहुधा ढिलेपणाचे लक्षण. जिना उतरताना गुडघा दगा देतो, खाली बसेन की काय असे वाटते, तर तो डगमगतोय. पाय हळूहळू बाहेर किंवा आत वाकायला लागला तर आतला भाग खचतोय.

पण आम्हाला जास्त बोलायचे आहे ते जंतुसंसर्गाबद्दल.

पहिल्यांदा गुडघा बदलणाऱ्या शंभरातल्या साधारण एक-दोन जणांना खोलवरचा संसर्ग होतो. आकडा लहान वाटतो, पण ज्या घरात होतो त्या घराची दोन-तीन वर्षे जातात. जंतू ऑपरेशनच्या वेळी शिरू शकतात, किंवा पुढे कित्येक वर्षांनी रक्तातून येऊन बसतात. किडलेला दात, पायाच्या भेगांत झालेली जखम, पिकलेले नख, वारंवार होणारी लघवीची जळजळ, यांतून जंतू रक्तात येतात. जिवंत हाडापर्यंत रक्त पोहोचते आणि रक्ताबरोबर शरीराचे शिपाईही पोहोचतात. धातूला मात्र रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याच्यावर बसतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतून बुळबुळीत शेवाळ धरते ना, तसाच. टाकीत नुसते औषध टाकले तर शेवाळ निघत नाही, आत उतरून घासावे लागते. गोळ्यांचेही तसेच आहे. वरवरचे जंतू मरतात, दुखणे चार दिवस दबते, थराखालचे जंतू शाबूत राहतात.

म्हणून वेळेला फार किंमत आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत संसर्ग लक्षात आला, किंवा जुन्या सांध्यात अचानक झालेला संसर्ग थोड्याच दिवसांत पकडला, तर सांधा उघडून आतून धुऊन, फक्त प्लास्टिकचा लायनर बदलून धातू वाचवता येण्याची शक्यता असते. थर पक्का झाला की बहुधा सगळेच काढावे लागते. टाक्यांतून चार-पाच दिवसांनंतरही पाणी झिरपत असेल, जखम लाल होऊन फुगत असेल, तर "सुकेल हळूहळू" म्हणत घरी हळद लावत बसू नये. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडेच त्या दिवशी जावे. जुन्या सांध्यावर एखादे बारीक छिद्र पडून त्यातून मधूनमधून पू येत असेल तर तो संसर्गच समजावा, मग ताप असो वा नसो. पुष्कळ जणांना ताप येतच नाही. रात्री झोपेत ठणका, हात लावल्यावर गरमपणा, सूज, आधी चांगला वाकणारा गुडघा हळूहळू न वाकणे, एवढ्यावरच ओळखावे लागते. थंडी वाजून ताप आणि गुडघा एकदम लालबुंद झाला तर रात्र काढू नये, तसेच दवाखान्यात जावे.

गोळ्यांचे दुखणे

मावशींचा मुलगा चांगला आहे, आईची काळजी करणारा. तो मेडिकलमध्ये जाऊन "गुडघ्याचं दुखणं, सूज" एवढे सांगायचा आणि दुकानदार एक वेदनेची व एक जंतू मारायची गोळी द्यायचा. पाच दिवसांचा कोर्स, पुन्हा महिन्याने पाच दिवस. यात दोन नुकसाने झाली. एक तर वेदनेच्या गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण येतो, आणि मावशींना रक्तदाब आहे. दुसरे जास्त वाईट. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू मरत नाहीत पण लपतात. मग सांध्यातले पाणी तपासायला पाठवले तर रिपोर्ट "जंतू आढळले नाहीत" असा येतो, आणि नेमका कोणता जंतू, त्याला कोणते औषध लागू पडेल, हे डॉक्टरांना कळत नाही.

अशीच गोष्ट तेल लावून जोरात चोळणाऱ्यांची, गरम विटेने शेक देणाऱ्यांची आणि वस्तीच्या कोपऱ्यावर सुई देणाऱ्यांची. बसवलेल्या गुडघ्यात बाहेर कुठेही सुई टोचून घेऊ नये. दुखणे थांबवणारे स्टेरॉईडचे इंजेक्शन या सांध्यात संसर्गाचा धोका वाढवते. हे आम्ही हात जोडून सांगतो.

आधी कारण, मग ऑपरेशन

दुसरे टोकही पाहिले आहे. एका खाजगी दवाखान्यात गेलेल्या काकांना पहिल्याच भेटीत सांगितले, "सांधा खराब आहे, बदलावा लागेल, ऍडव्हान्स भरा." तपासणी म्हणाल तर एक एक्स-रे. काका आमच्याकडे आले, आम्ही त्यांना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात नेले. तिथल्या डॉक्टरांनी गुडघा बाजूला ठेवून मांडीचा खुबा हलवून पाहिला, तेव्हा काका ओरडलेच. दुखणे खुब्याचे होते आणि जाणवत होते गुडघ्यात. कमरेच्या दबलेल्या नसेचेही असेच होते.

पहिल्या ऑपरेशननंतरही पाचातला साधारण एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. दुखण्याचे कारण सापडलेले नसताना केवळ दुखते म्हणून सांधा पुन्हा बदलला तर बहुतेकदा दुखणे जात नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच, की "नेमकं काय बिघडलंय, आणि ते कशावरून?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

तपासण्या फार अवघड नाहीत. उभे राहून काढलेला एक्स-रे, आणि तो जुन्या एक्स-रेशेजारी लावून पाहणे. सिमेंटच्या कडेने काळी रेघ रुंदावते आहे का, धातू खचला आहे का, हे जुने चित्र नसेल तर सांगता येत नाही. रक्ताच्या दोन स्वस्त तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी. त्या वाढलेल्या असल्या किंवा शंका असली तर सांध्यातले पाणी सुईने काढून पेशी मोजतात आणि जंतू वाढवून पाहतात. हे काम स्वच्छ खोलीत, पूर्ण निर्जंतुक करूनच व्हायला हवे. त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायला सांगतात, पण ते स्वतःच्या मनाने बंद करू नये, रुग्ण तापाने फणफणलेला असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतात. जंतू वाढायला वेळ लागतो, काही प्रयोगशाळा नमुना १४ दिवस ठेवतात. रिपोर्टला उशीर झाला म्हणून भांडू नका, तो उशीर आपल्या फायद्याचा असतो.

दुसरे ऑपरेशन पहिल्यासारखे नसते

याला डॉक्टर रिव्हिजन म्हणतात. पहिल्या वेळी ताज्या हाडावर काम होते. दुसऱ्या वेळी जुन्या व्रणातून आत जायचे, चिकटलेले आवरण सोडवायचे, पातळ करवतींनी आणि छिन्न्यांनी सिमेंट फोडून धातू काढायचा आणि हे करताना उरलेले हाड वाचवायचे. भिंतीतली जुनी पाइपलाइन बदलताना प्लास्टर किती निघते ते आपण पाहिले आहे. हाडही तसेच कमी होते. ती पोकळी भरायला धातूचे ठोकळे किंवा शंकूसारखे तुकडे लावतात, आणि नवा सांधा घट्ट बसावा म्हणून हाडाच्या पोकळीत लांब दांडा घालतात. बंध अगदीच गेले असतील तर बिजागरीसारखा सांधा बसवतात. वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जाते, संसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. म्हणून हे ऑपरेशन वरचेवर करणाऱ्या सर्जनकडे करावे. "तुम्ही अशी किती करता?" हेही विचारायला हरकत नाही.

संसर्ग मुरलेला असेल तर बहुतेक ठिकाणी हे दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात सगळा धातू आणि सिमेंट काढून, आतून धुऊन, मधल्या जागेत औषध मिसळलेल्या सिमेंटचा तुकडा ठेवतात, त्याला स्पेसर म्हणतात. त्यातून औषध आतल्या आत झिरपत राहते. बरोबरीने साधारण सहा आठवडे जंतूंवरचे औषध, सुरुवातीला शिरेतून. मग रक्ताच्या तपासण्या खाली आल्या, जखम कोरडी राहिली, की दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा. म्हणजे दोन ऑपरेशने आणि मधे दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त. काही ठिकाणी निवडक रुग्णांत एकाच टप्प्यात करतात. ज्यांची प्रकृती ऑपरेशन झेपण्यासारखी नाही त्यांना लांब मुदतीच्या गोळ्यांवर ठेवतात. सांधा पुन्हा बसवणे शक्यच नसेल तर मांडी आणि नडगीचे हाड सरळ जोडून टाकतात. पाय वाकत नाही, पण त्यावर उभे राहून चालता येते. पाय कापण्याची वेळ क्वचित येते, आणि बहुतेकदा ती फार उशिरा आलेल्यांवर येते.

ते मधले दोन-तीन महिने खरे कठीण. दवाखान्यात यावर कोणी बोलत नाही, पण दहा बाय दहाच्या खोलीत, पोटमाळ्यावर झोपणाऱ्या घरात, संडास गल्लीच्या टोकाला असताना, स्पेसर घातलेल्या बाईने राहायचे कसे? ऑपरेशनच्या तारखेआधीच घरात बसून हे ठरवावे. मधे भोक असलेली कमोडची खुर्ची घरातच लागेल. ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा विहाराच्या, मंडळाच्या साहित्यातून मिळते का पाहावे. एका वस्तीत तरुणांनी वर्गणी काढून एक खुर्ची आणि एक वॉकर घेऊन ठेवला आहे, घरोघर फिरतो. झोपायला खाट खाली हवी. लादी ओली राहू नये. आणि खुर्ची उचलायचे, आंघोळ घालायचे काम एकट्या सुनेवर किंवा शाळकरी मुलीवर टाकू नये. मुलग्यांनाही हात आहेत.

ऑपरेशनच्या आधी

साखर ताब्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी करून घ्यावी. बहुतेक सर्जन तो आकडा साडेसात-आठच्या खाली आणायला सांगतात. मिश्री, खर्रा, विडी, गुटखा सोडावा. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. "ऑपरेशनच्या दिवशी नाही लावली" म्हणणाऱ्या आज्या आम्हाला माहीत आहेत, निदान महिनाभर आधीपासून आणि जखम भरेपर्यंत ती लावू नये. किडके दात दाखवून घ्यावेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवावे, आणि रोजच्या जेवणात अंडे, डाळ, मासळी यांतले काही असावे, नुसत्या चहा-पोळीवर जखम भरत नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. आपल्या समाजात तिथे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा स्वतःचे कार्ड असेल, मग ते वाहकाचे असले तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवतात. सिकलसेलच्या रुग्णात तो पट्टा, थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, या सगळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. लग्नाच्या वेळी लपवलेली गोष्ट म्हणून दवाखान्यातही लपवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तिथे लपवू नका. तपासणी झालेलीच नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.

पैसा आणि कागद

सांध्याच्या सुट्या भागांच्या किमतीवर केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि रिव्हिजनच्या सांध्याला १,१३,९५० रुपये, वर जीएसटी. त्याआधी रिव्हिजनच्या सांध्याला अडीच लाखांच्या वर घेत. पुढे या आकड्यांत थोडे बदल होत गेले, म्हणून डब्यावरची छापील किंमत पाहावी. लक्षात ठेवायचे ते हे की मर्यादा सांध्याला आहे. खोली, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांची फी यांना नाही. बिलात सांध्याच्या भागांची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवावा लागतो. एकरकमी "पॅकेज" म्हणून सांगत असतील तरी तो तपशील मागून घ्यावा.

ऑपरेशन ठरण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसते आणि याच दवाखान्यात ते होते का, हे त्याच्याकडून लिहून घ्या. धर्मादाय दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे, भरतीनंतर नव्हे, भरतीच्या आधी. घरातल्या कोणाचा पगारातून ईएसआय कापला जात असेल तर तो रस्ता आधी पाहावा. कंत्राटी सफाई कामगारांचे पैसे कापले जातात आणि कार्ड मात्र हातात नसते, असे आम्हाला वारंवार आढळते. त्यासाठी ठेकेदाराच्या मागे लागावे लागेल.

आणि फाईल. ऑपरेशनच्या वेळी बसवलेल्या प्रत्येक भागाच्या डब्यावर चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनी, माप, बॅच नंबर छापलेला असतो. आम्ही थिएटरमधून आलेल्या त्या पट्ट्या केसपेपरवर चिकटवायचो. रुग्णाने आपल्या डिस्चार्ज कार्डावरही एक संच चिकटवून मागावा आणि मोबाईलमध्ये फोटो काढावा. पुढे सांधा उघडायची वेळ आली तर फक्त लायनर बदलून भागणार आहे का, तो कुठल्या कंपनीचा आणि मापाचा लागेल, हे त्या पट्टीवरून कळते. नाही तर सर्जनला अंदाजाने पाच डबे मागवून ठेवावे लागतात.

हे किती महत्त्वाचे आहे ते खुब्याच्या एका सांध्याच्या प्रकरणात देशाने पाहिले. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा सांधा सदोष निघाला, ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० वेळा बसवला गेला होता. पुढे केंद्र सरकारच्या समितीने भरपाई देण्याचे सांगितले, पण त्यातल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागेना. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांना आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हेच सिद्ध करता येईना.

मावशींची फाईल पुराच्या वेळी भिजली म्हणून मुलाने फेकून दिली होती. पहिले ऑपरेशन झाले त्या दवाखान्यात आम्ही तीन खेटे घातले. तिसऱ्या वेळी रेकॉर्ड रूममधून केसपेपर निघाला, पट्ट्या जागेवर होत्या.

दुसऱ्या ऑपरेशननंतर

दुखणे कमी होते, चालता येते, पण पहिल्या ऑपरेशनइतका फरक बहुतेकांना वाटत नाही. गुडघा थोडा कमी वाकतो, काठी कायमची राहू शकते, आणि हा सांधा पहिल्याइतकी वर्षे टिकेल असे धरू नये. दुसऱ्या दिवसापासून घोटा वर-खाली करणे, मांडी आवळणे, वॉकर धरून उभे राहणे सुरू होते. दुखते म्हणून पाय उशीवर वाकवून ठेवू नये, तो तसाच आखडतो. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर ती रक्ताच्या गाठीची खूण असू शकते, लगेच न्यावे. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे सोडावे लागते. विहारात वंदनेला खाली बसता येत नाही म्हणून काही आज्या यायच्याच बंद होतात. भिंतीकडेला चार खुर्च्या मांडून ठेवायला काही लागत नाही.

मावशींच्या सांध्यातल्या पाण्यात जंतू सापडला, गोळ्या बंद केल्यावर दोन आठवड्यांनी. पहिला टप्पा झाला आहे. ट्रस्टच्या दवाखान्यात निर्धन कोट्यातून खाट मिळाली, औषधांचे काही पैसे मात्र मुलाला घालावे लागले. चार घरांपैकी तीन सुटली, एका बाईंनी जागा राखून ठेवली आहे. मागच्या आठवड्यात सीआरपी खाली आला, जखम कोरडी आहे. हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा दुसऱ्या टप्प्याची तारीख मिळालेली असेल. डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्ताची सोय करायला सांगितली आहे. वस्तीतल्या सहा मुलांनी नावे दिली आहेत. त्यांतल्या दोघांचे हिमोग्लोबिन कमी भरले, त्यांनाही आम्ही आता तपासणीला बोलावले आहे.